जॉर्ज मायकलचा ‘फेथ’ : काही महिने सतत ऐकल्यानंतर

अल्बम बाजारात आल्या आल्या लिहिलेली परीक्षणं आणि तोच अल्बम महिनोन्‌महिने ऐकून झालेलं मत, या दोघांची गाठ क्वचितच पडते. ‘फेथ’च्या बाबतीत तर समीक्षकांचंच मत सरकत गेलंय. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने 2003 साली आजवरच्या सर्वोत्तम 500 अल्बमची यादी काढली, तेव्हा हा 480 वा होता. म्हणजे शेवटच्या डब्याला लटकलेला. 2020 च्या यादीत तोच अल्बम 151 वर जाऊन बसला. दरम्यान अल्बममधला एक सूरही इकडचा तिकडे झालेला नाही. बदलले ते ऐकणारे.

माझं ऐकणं नव्याने सुरू झालं ते भाचीमुळे. 2025 च्या ऑक्टोबरात टेलर स्विफ्टचा नवा अल्बम आला, त्यातल्या एका गाण्याच्या श्रेयनामावलीत जॉर्ज मायकलचं नाव होतं. ‘मामा, हा कोण रे?’ असा प्रश्न आला आणि मी तिला ‘फेथ’ लावून दिला. तिचं त्या दिवशीचं समाधान झालं, ती आपल्या वाटेने गेली. मी मात्र अडकलो. लोकलमध्ये कानात इअरफोन घालून, रात्री भांडी घासताना छोट्या स्पीकरवर आणि रविवारी जुन्या बाजारातून आणलेल्या एलपी तबकडीवर, अशा तिन्ही तऱ्हांनी हा अल्बम ऐकून झालाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्ज मायकल हा ‘व्हॅम!’ या इंग्लिश जोडगोळीतला गाणारा. सायप्रसहून आलेल्या ग्रीक हॉटेलवाल्याचा मुलगा, लंडनमध्ये वाढलेला. दुसरा अँड्र्यू रिजली, शाळेतला दोस्त. विस्कटलेले सोनेरी केस, आखूड चड्ड्या, किंचाळणाऱ्या मुली, असा सगळा मामला. 28 जून 1986 रोजी वेम्बली स्टेडियममध्ये निरोपाचा कार्यक्रम करून त्यांनी दुकान बंद केलं. 1987 च्या ऑक्टोबरअखेर ‘फेथ’ आला तेव्हा जॉर्ज 24 वर्षांचा होता. एक गाणं त्याने मित्र डेव्हिड ऑस्टिनबरोबर लिहिलंय, बाकी सगळं लेखन त्याचं. संगीतसंयोजन त्याचं, निर्मिती त्याची, आणि बरीचशी वाद्यंही त्यानेच वाजवलेली.

तेव्हाच्या परीक्षणांचा एकूण सूर आश्चर्याचा होता. पोरींच्या भिंतीवरच्या पोस्टरमधला हा मुलगा एवढं जाणतं काम करतो? कौतुक होतं, पण त्यात थोडी मेहेरबानीही होती. ‘पोरगं मोठं झालं बरं का’ छापाची. आणि कौतुक मुख्यतः आवाक्याचं. एकाच अल्बममध्ये रॉक-अँड-रोल, गॉस्पेल, फंक, सोल, जॅझ असं सगळं आहे, हे सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं. अमेरिकी गायक प्रिन्सची छाप कुठे दिसते, याचाही शोध झाला.

इतके महिने ऐकल्यावर माझं म्हणणं नेमकं इथेच वेगळं आहे. आवाका हा या अल्बमचा मोठेपणा नाहीच. उलट आवाका दाखवण्याच्या नादात एलपीची दुसरी बाजू ढासळते. ‘फेथ’ टिकलाय तो जिथे जॉर्जने काढून टाकलं तिथे. जिथे भर घातली तिथे 1987 साल आजही कानावर येऊन आदळतं.

शीर्षकगीतच घ्या. सुरुवातीला चर्चमधल्यासारखा ऑर्गन वाजतो, आणि वाजवतो काय, तर व्हॅम!च्याच ‘फ्रीडम’ या हिट गाण्याची चाल, संथ करून. जुन्या बँडचं तेरावं घातल्यासारखं. हा भाग इतका हळू आवाजात आहे की इअरफोनवर हात आपसूक आवाज वाढवायला जातो, आणि मग गिटार कानाखाली वाजते. हे प्रत्येक वेळी होतं. मला माहीत असूनही होतं. गिटारवर ह्यू बर्न्स आहे, आणि ठेका बो डिडली या अमेरिकी गायक-गिटारवाल्याने पन्नाशीच्या दशकात रुजवलेला : तीन ठोके, श्वास, दोन ठोके. त्यावर बास, टाळ्या-चुटक्या, आणि आवाज. बाकी फारसं काहीच नाही. त्या काळात प्रत्येक गाण्यावर सिंथेसायझरचा गिलावा चढवायची रीत होती, आणि ह्याने विटा उघड्या ठेवल्या. सव्वातीन मिनिटांत गाणं संपतं. 1988 साली अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या संगीत-नियतकालिकाच्या वर्षभराच्या हिशोबात हेच गाणं पहिलं आलं, आणि अल्बमही पहिला.

पण खरा नमुना पुढचा. ‘फादर फिगर’ मुळात जास्त नाचरं गाणं होणार होतं. मिक्सिंग चालू असताना जॉर्जने स्नेअर ड्रम, म्हणजे तो ‘ठप्प’ असा मागचा ठोका, बंद करून ऐकला आणि गाण्याचा चेहराच पालटला. तो ठोका नाही म्हणून खाली जमीन नसल्यासारखं वाटतं. पौर्वात्य वळणाची एक सुरावट तरंगत राहते, आणि कडव्यात आवाज इतका जवळ येतो की शब्दाआधीचा श्वास ऐकू येतो. छोट्या स्पीकरवर हा श्वास हरवतो, तेव्हा हे गाणं इअरफोनवरच ऐका. मग ध्रुवपदाला कोरस उघडतो, आणि तोवर आपण इतके पुढे झुकलेले असतो की चार माणसांचा आवाजसुद्धा अख्ख्या देवळाचा वाटतो. गाण्यातलं नातं बापाचं आहे, प्रियकराचं आहे की भक्ताचं, हे तो शेवटपर्यंत सुटू देत नाही. जवळजवळ चार दशकांनी टेलर स्विफ्टला ते उचलावंसं वाटलं ते उगाच नाही.

‘वन मोअर ट्राय’बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला हे अल्बममधलं सर्वांत मोठं गाणं वाटतं. जवळजवळ सहा मिनिटं. तीन-तीन मात्रांचा संथ झोल, आपल्या कानाला दादऱ्याच्या वजनाचा वाटावा असा. ऑर्गनसारखे लांब सूर, आणि त्यावर एक माणूस नकार देतोय. मला परत प्रेमात पडायचं नाही, मी पोळलोय, तू मला शिकवू नकोस. या गाण्याला नेहमीच्या अर्थाने ध्रुवपद नाही. शीर्षकाचे शब्द अख्ख्या गाण्यात येतच नाहीत. येतात ते शेवटच्या ओळीत. पॉप गाण्याचं शीर्षक दर चाळीस सेकंदांनी डोक्यात ठोकायचं असतं, हा धंद्याचा नियम. इथे पावणेसहा मिनिटं नकार ऐकवून झाल्यावर माणूस ढासळतो आणि तेव्हा शीर्षक हाती लागतं. शिवाय गळ्याचा वापर बघा. वरच्या पट्टीत जाताना तो आवाज फुगवत नाही, बारीक करतो. एवढा गळा असलेला माणूस तो राखून वापरतो, हे चोविसाव्या वर्षी कुठून आलं असेल कुणास ठाऊक.

या दोन गाण्यांच्या मध्ये ‘आय वाँट युअर सेक्स’ आहे, पहिला आणि दुसरा भाग जोडून नऊ मिनिटांच्या वर. अल्बमच्या आधी, 1987 च्या उन्हाळ्यात हे आलं आणि त्याने गदारोळ केला. बीबीसी रेडिओ वन दिवसा वाजवेना. अमेरिकेतल्या लोकप्रिय काउंटडाउनचा सूत्रधार केसी केसम गाण्याचं नाव उच्चारायचं टाळायचा. एड्सची भीती ऐन भरात होती. जॉर्जचं म्हणणं होतं की गाणं एकाच जोडीदाराशी असलेल्या संबंधाबद्दल आहे, आणि व्हिडिओत त्याने बाईच्या अंगावर लिपस्टिकने तसं लिहूनही दाखवलं. आज ऐकताना धक्का वगैरे काही बसत नाही. पहिला भाग जवळजवळ सगळा यंत्रांवरचा, कोरडा, आणि त्यामुळेच अजून चालतो. दुसऱ्या भागात ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं येतात, फंक सुरू होतो, आणि माझा हात पुढच्या गाण्याकडे जातो. एलपीवर तेवढी सोय नाही, उठावं लागतं, म्हणून तिथे निमूट ऐकतो.

आता बाजू बदलू. ‘हार्ड डे’ : ढबाढब ड्रम मशीन, त्यावर ठिगळासारखे आवाजाचे तुकडे, काही जागी स्वतःचाच आवाज पट्टी बदलून वापरलेला. करामत म्हणून एकदा ऐकायला ठीक. ‘मंकी’ व्यसनात गेलेल्या जोडीदाराबद्दल आहे. विषय दमदार, पण अल्बमवरचं रूप फुसकं. हे मी एकटा म्हणतोय असं नाही, कारण सिंगल, म्हणजे सुटं गाणं म्हणून काढायच्या वेळी जॉर्जने जिमी जॅम आणि टेरी लुईस या निर्मात्यांच्या जोडीला गाठून ते गाणं नव्याने बांधून घेतलं, आणि तेच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तुम्हीही तेच ऐका. ‘लुक अॅट युअर हँड्स’ हे ऑस्टिनबरोबरचं गाणं. दारुड्या, मारकुट्या नवऱ्याच्या घरात अडकलेल्या बाईची गोष्ट. ज्या माणसाने तिला गमावलं त्याच्या तोंडी ती दिली आहे आणि त्याच्या सुरात ‘मी सांगत होतो ना’ असा खवचटपणा आहे. चाल उडती आहे. दर वेळी हे गाणं मला अवघड करतं, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीये.

‘हँड टू माउथ’ मात्र दुर्लक्षित राहिलं याचं वाईट वाटतं. थॅचर-रेगन काळातली गरिबी, बंदूक हाती आलेला पोरगा, रस्त्यावर आलेली मुलगी, अमेरिकेच्या देवांवर भाबडी श्रद्धा. हे सगळं हलक्या, जवळजवळ अंगाईसारख्या चालीवर. तेव्हाच्या चर्चेत चामड्याचं जाकीट, फाटकी जीन्स आणि व्हिडिओतला ज्यूकबॉक्स यांनी एवढी जागा अडवली की हे गाणं कुणाच्या खिजगणतीत आलं नसावं.

आणि शेवटी ‘किसिंग अ फूल’. ब्रशवर वाजणारे ड्रम, चालता बास, पियानो. नाइट क्लबमधला जॅझ. छान गायलंय, यात वाद नाही. पण ‘बघा, हेही जमतं मला’ हा भाव इथे लपत नाही, आणि समीक्षकांना आवडलेला तो आवाका हाच.

आता पुरस्कारांचं प्रकरण, ज्याने या अल्बमच्या नावाला कायमचा एक प्रश्न चिकटला. 1988 च्या मे महिन्यात ‘फेथ’ बिलबोर्डच्या तेव्हाच्या ‘ब्लॅक अल्बम्स’ यादीत पहिला आला. एकल गोऱ्या कलाकाराच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. ‘वन मोअर ट्राय’ही कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या सिंगल्सच्या यादीत अव्वल ठरलं. इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. तो श्रोत्यांचा कौल होता. पण 1989 च्या जानेवारीत अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्समध्ये सोल-आर अँड बी, म्हणजे मुळात कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या विभागातला सर्वोत्तम गायक आणि सर्वोत्तम अल्बम हे दोन्ही मान त्याला मिळाले, आणि स्पर्धेत मायकल जॅक्सन आणि बॉबी ब्राउन होते. ग्लॅडिस नाइटसारख्या ज्येष्ठ गायिकेने जाहीर नाराजी व्यक्त केली. मला ती नाराजी रास्त वाटते. जॉर्जचा गळा अस्सल होता, सोल गायिका ॲरेथा फ्रँकलिनबरोबर तो गायला होता आणि तिच्यापुढे कमी पडला नव्हता. पण ज्या संगीताला शंभर दारं बंद होती, त्याने आपल्यासाठी केलेल्या एका खोलीतही पाहुण्यालाच पाटावर बसवायचं म्हणजे जरा जास्तच झालं. यात पाहुण्याचा दोष नाही. यजमानांना विचारायला हवं.

पुढच्याच महिन्यात ‘फेथ’ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. त्या शर्यतीत ट्रेसी चॅपमनचा पहिलावहिला अल्बमही होता, मुख्यतः गिटार आणि आवाज यांच्या ऐवजावर उभा. कमीत कमी सामानात गाणं उभं करायचं या माझ्या कसोटीवर लावलं तर तिचा अल्बम सरस, हे इथे नोंदवून ठेवतो.

एक गंमत. अमेरिकेत या अल्बममधली चार गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच्या स्वतःच्या देशात एकही नाही. शीर्षकगीत दुसऱ्या क्रमांकावर थबकलं, ‘फादर फिगर’ तर पहिल्या दहांतही शिरलं नाही. अल्बम पहिला आला, पण गाणी नाहीत. घरच्यांना तो व्हॅम!मधला पोरगाच दिसत होता की काय, कोण जाणे. 1990 च्या पुढच्या अल्बमच्या वेळी जॉर्जने स्वतःच्या व्हिडिओंत चेहरा दाखवायलाच नकार दिला.

घ्यायचा असेल तर कुठला घ्यावा? स्ट्रीमिंगवर जे रूप मिळतं ते बहुधा नंतरचं रीमास्टर, त्यात आवाज चढवलेला आहे. ‘हार्ड डे’ला फरक पडत नाही, पण ‘फादर फिगर’मधली मोकळी जागा थोडी भरून जाते. जुनी एलपी मिळाली तर उत्तम, फक्त दुसरी बाजू उजेडात तिरकी धरून तपासा. मला विकणाऱ्याने ‘एक नंबर कंडिशन’ म्हणून जी दिली तिच्यावर ‘हँड टू माउथ’च्या ऐन मध्यावर चरा आहे, आणि नेमकं तेच गाणं मला हवं होतं. सीडीवर शेवटी दोन जास्तीची गाणी आहेत : ‘हार्ड डे’चंच रीमिक्स आणि ‘आय वाँट युअर सेक्स’चा तिसरा भाग. रीमिक्सला हात लावायची गरज नाही. तिसरा भाग संथ आहे, रात्री उशिरा एखाद्या वेळी लावायला बरा.