आठ महिने फिटनेस बँड आणि कॅलरी ॲप जोडून वापरलं, त्याचा अनुभव

मागच्या नोव्हेंबरात बँड घेतला, जेवण लिहायचं कॅलरी ॲप आधीपासून होतंच, दोन्ही एकमेकांना जोडले आणि आता जून संपत आला. व्यायामाच्या कॅलरी खऱ्या धरायच्या का असं ऑफिसात दोघी-तिघींनी विचारलं म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

जोडणी सोपी आहे. अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट असतं, बँडचं ॲप त्यात माहिती टाकतं आणि कॅलरी ॲप तिथून उचलतं. कधी सिंक अडकलं तर बँडचं ॲप एकदा उघडायचं, बहुतेक वेळा येतं. मला खरा त्रास झाला तो दुसराच. पहिले तीन आठवडे माझं संध्याकाळचं पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरचं चालणं दोनदा धरलं जात होतं, बँडकडून ५० मिनिटांचा वॉक म्हणून ३१० कॅलरी आणि फोनच्या स्टेप्समधून वेगळ्या १८०, कारण फोन पण खिशातच असायचा! एका रविवारी डायरी उघडून एकेक ओळ बघितली तेव्हा कळलं. मग स्टेप्ससाठी फक्त बँड ठेवला, फोनचा सोर्स काढून टाकला. नवीन जोडणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी तपासा.

दुसरी गोष्ट सकाळची. मळा भागाच्या बाजूने आल्तिन्होची टेकडी चढून येते, घरी पोचेपर्यंत ॲप दाखवतं की आज २८० कॅलरी जास्त खाता येतील, आणि नेमका तेव्हाच खाली पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, मग एकाच्या जागी दोन पोई (गोव्याचे कोंड्याचे पाव) होतात. पण ॲप काय करतं की सकाळच्या हालचालीवरून पूर्ण दिवसाचा अंदाज बांधतं, मी नंतर आठ तास खुर्चीत बसले की तो आकडा उतरत उतरत रात्री ९० वर येतो, आणि पोई तर सकाळीच खाऊन झालेली असते. वजा ॲडजस्टमेंटचं सेटिंग असतं ते चालू करा, निदान कमी हालचालीच्या दिवशी बजेट कमी झालेलं दिसतं.

आता ३१० हा आकडा. माझं वजन ६८ किलो, साध्या चालीने चालणं म्हणजे साडेतीन मेट (स्वस्थ बसण्यात जाते त्याच्या साडेतीनपट ऊर्जा), त्या हिशोबाने ५० मिनिटांचे साधारण २०० होतात. त्यातही नुसतं बसून राहिले असते तरी ५५-६० गेल्याच असत्या आणि त्या ॲपने रोजच्या बजेटमधे आधीच धरलेल्या असतात, म्हणजे चालण्याच्या निव्वळ १४० च्या आसपास. बँड दुपटीने सांगत होता. बँडमधला हिरवा लाइट त्वचेखालच्या रक्ताच्या हालचालीवरून पल्स मोजतो आणि पल्सवरून कॅलरीचा अंदाज लावतो, पण आपल्याकडे एप्रिल-मेमधे दमटपणामुळेच पल्स वाढलेली असते, पाय काही जास्त काम करत नसतात. घामाने पट्टा सरकला तर अजून गोंधळ. मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर घट्ट बांधल्यावर पल्सचा आकडा बराच सुधारला, कॅलरीचा नाही. स्टॅनफर्डने २०१७ मधे सात मनगटी बँड-घड्याळं तपासली होती, त्यातली सहा पल्समधे ५ टक्क्यांच्या आत होती पण कॅलरीत सगळ्यात चांगलं होतं ते पण सरासरी २७ टक्के चुकत होतं. उलट आल्तिन्होचा चढ माझ्या बँडला कळतच नाही, त्यात उंची मोजायचा सेन्सर नाही.

पण सगळा दोष बँडचा नाही, जेवणाची बाजू पण तेवढीच कच्ची होती. मी बांगड्याचं हुमण, म्हणजे खोबऱ्याच्या वाटपातली माशाची आमटी, लिहायला ॲपमधली तयार फिश करी घ्यायचे, एका वाटीला ११० कॅलरी. एके दिवशी आईने खोवलेलं खोबरं वाटपात जायच्या आधी काट्यावर ठेवलं, अर्ध्या नारळाचं १७० ग्रॅम भरलं. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅमला साधारण ३५०, म्हणजे ६०० कॅलरी, आम्ही चौघं, नुसत्या खोबऱ्याच्याच माणशी १५०. मासा, तेल अजून वेगळं. तेव्हापासून हुमणाची स्वतःची रेसिपी ॲपमधे करून ठेवलीय.

हे सगळं सुधारल्यावर दहा आठवडे नीट हिशोब ठेवला. खाणं सरासरी १६००, बँड म्हणतो दिवसाचा खर्च २१५०, म्हणजे ५५० ची तूट. एक किलो उतरायला ७७०० कॅलरीची तूट लागते असं धरलं तर पाच किलो उतरायला हवे होते, उतरले दोन. उलटं गणित केलं तर माझा खरा खर्च १८२० च्या आसपास निघतो. लिहिण्यात थोडं सुटलं असेल हे धरलं तरी मला जगायचंय याच आकड्यावर, कारण तो माझ्या वजनाने सांगितलाय.

म्हणून मार्चपासून ॲपमधे रोजचं ध्येय हाताने १५०० टाकलंय आणि व्यायामाच्या कॅलरी बजेटमधे मिळवायचं बंद केलंय, जोडणी मात्र ठेवलीय, स्टेप्स आणि झोप एका जागी दिसतात ते मला आवडतं. वजन रोज सकाळी, पण बघते फक्त आठवड्याची सरासरी. अजून साडेतीन किलो उतरलेत. आता पावसात मिरामार बंद, घरातच जिने चढते, तर बँड त्याला पण वॉकच म्हणतो, ते मी हाताने बदलून टाकते.