सफरचंदाचं झाड जवळ असेल तर एक पुस्तक, नसेल तर दुसरं

नातीच्या वर्गात चार ऋतूंचा तक्ता लावलाय. चार चौकटी आणि चारही चौकटींत एकच झाड, सफरचंदाचं. एकात फुलं, एकात हिरवीगार पानं, एकात लाल फळं, एकात बर्फ. खिडकीबाहेर गुलमोहर उभा आहे, त्याची दखल तक्त्यानं घेतलेली नाही. "आजी, आपल्याकडे हे झाड कुठे असतं?" असं तिनं विचारलं त्याच आठवड्यात मिशिगनहून भाचीचा फोन आला. लेक पाच वर्षांचा, त्याला बागेत सफरचंदं तोडायला न्यायचंय, त्याआधी वाचून दाखवायला एखादं पुस्तक सांग ना मावशी.

म्हटलं, एकच चांगलं पुस्तक हेरू आणि दोन प्रती घेऊ. सफरचंद आणि ऋतू या विषयावरची, चित्रं असलेली माहितीची पुस्तकं मला मिळाली ती बहुतेक अमेरिकेतलीच. त्यातली चार-पाच दोन्ही मुलांना वाचून दाखवली, भाचीच्या लेकाला फोनच्या पडद्यावरून. शेवटी दोघांना वेगळी पुस्तकं गेली. तुमच्यावर अशी निवड करायची वेळ आली असेल, तर खरी चुरस दोन पुस्तकांत आहे.

पहिलं, गेल गिबन्स यांचं 'द सीझन्स ऑफ अर्नोल्ड्स ॲपल ट्री'. १९८४ चं. मजकूर त्यांचा, चित्रंही त्यांचीच. अर्नोल्ड नावाच्या मुलाचं एक सफरचंदाचं झाड आहे, ती त्याची गुपित जागा. कळ्या येतात, मधमाश्या येतात, अर्नोल्ड झोपाळा बांधतो, झाडावर घर बांधतो. फळं पिकली की ती घरी आणतो. मग घरात पाय होतो (हा पाय म्हणजे तो भाजलेला गोड पदार्थ, नातीनं आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं) आणि फळं यंत्रात दाबून रस काढतात. ते यंत्र कसं चालतं याचं चित्र आहे, पायची कृतीही आहे. थंडीत झाड उघडंबोडकं होतं तेव्हा अर्नोल्ड पाखरांसाठी फांद्यांवर खाऊच्या माळा सोडतो. मग पुन्हा कळ्या.

यात काही घडत नाही. वर्ष फिरतं, एवढंच. पण पाच वर्षांच्या मुलाला 'वर्ष' ही गोष्टच अजून नीट कळलेली नसते. काल, परवा आणि माझ्या वाढदिवसाला, इतकंच त्याचं पंचांग. झाड तेच, मुलगा तोच आणि भोवतालचं सगळं बदलतंय हे पानोपानी पाहिल्यावर वर्ष फिरून जागेवर येतं म्हणजे काय, ते त्याच्या डोक्यात शिरतं. बागेतून परत आल्यावर भाचीचा लेक म्हणाला, आता तिकडे अर्नोल्डच्या माळा लावायला जाऊ. पुस्तक त्याच्या शनिवारात मिसळून गेलं होतं.

वाचून दाखवताना एक खाचखळगा सांभाळा. त्या रसाला पुस्तकात 'सायडर' म्हटलंय. अमेरिकेत हा शब्द साध्या, न गाळलेल्या रसाला वापरतात. इंग्लंडमध्ये सायडर म्हणजे आंबवलेली दारूच. लंडनला राहणाऱ्या आमच्या एका नातेवाइकानं पुस्तक चाळून भुवया उंचावल्या होत्या.

आता हेच पुस्तक पुण्यात वाचा. नातीला आवडलं, नाही असं नाही, पण परीकथा आवडावी तसं. झाड तिच्यापुरतं बर्फाच्या देशातलं. "आपल्याकडे का नाही?" याचं उत्तर अर्नोल्डकडे नाही, आणि ते त्याच्याकडून मागूही नये. उत्तर आहे थंडीत. सफरचंदाच्या जुन्या जातींना कळ्या नीट फुटण्यासाठी हिवाळ्यात साधारण ८०० ते १२०० तास, सात अंश सेल्सिअसच्या खालची थंडी लागते. तेवढी झोप झाली की झाड वसंतात एकदम फुलतं. पुण्यात दोन-चार रात्री पारा दहाच्या खाली गेला की आपण स्वेटर बाहेर काढतो. झाडाला तेवढ्यानं डुलकीसुद्धा लागत नाही. म्हणजे चौथ्या चौकटीतला तो निपचित, बर्फाळ हिवाळा हेच पुढच्या फुलांचं कारण. हे मी तोंडी सांगितल्यावर मग ते चित्र तिनं दोनदा पाहिलं.

दुसरं पुस्तक बेट्सी माएस्ट्रो यांचं 'हाऊ डू ॲपल्स ग्रो?' चित्रं जुलिओ माएस्ट्रो यांची, साल १९९२. मुलांना विज्ञान सांगणाऱ्या एका जुन्या, १९६० पासून चालत आलेल्या मालिकेतलं हे पुस्तक. त्या मालिकेच्या दोन टप्प्यांपैकी दुसऱ्या, म्हणजे जरा मोठ्या मुलांच्या टप्प्यातलं. त्याचा सगळा जीव एका गोष्टीत आहे: सफरचंद खाताना आपण फुलाचाच भाग खात असतो. हिवाळ्यातल्या कळीपासून ते सुरू होतं, फुलाचा एकेक भाग उघडून दाखवतं, परागकण कुठून कुठे जातो, आत नळी कशी उतरते, बी कशी धरते आणि भोवती गर कसा चढतो, इथपर्यंत नेतं. ऋतू येतात, पण मागच्या पडद्यासारखे.

पाच वर्षांचा मुलगा मध्यावर चुळबुळायला लागला. सात वर्षांची नात मात्र तिथेच जागी झाली. अडचण शब्दांची होती. पाकळी आणि देठ ठीक, पुढे काय? आपल्या शाळेच्या पुस्तकांतले शब्द आहेत: निदल, पुंकेसर, अंडाशय, बीजांड, परागनलिका. ते एकदम तोंडावर फेकू नका. मी आधी जास्वंद आणली. तिचा लांब दांडा, त्यावरची पिवळी पूड आणि टोकावरचे पाच लाल ठिपके दाखवले आणि मग पुस्तक उघडलं. पूड पडते ती त्या ठिपक्यांवर आणि तिथून आत जाते, एवढं कळलं की पानं भराभर उलटतात.

नंतर सुरी घेतली. सफरचंद आपण देठापासून खाली उभं चिरतो. ते एकदा आडवं चिरा. मध्ये पाच टोकांची चांदणी दिसते. पाच कप्पे, आणि सगळं जमून आलं तर एकेकात दोन बिया, म्हणजे दहा. खालच्या खळग्यात जी सुकलेली काळपट कुसं असतात ती फुलाच्या निदलांची, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या पानांची, उरलीसुरली खूण. नातीच्या फळात बिया निघाल्या सात. ते फळ एका अंगाला बसकं होतं, आणि तीन बिया नव्हत्या त्या नेमक्या त्याच अंगाच्या. बी धरली नाही की त्या बाजूचा गर कमी वाढतो, म्हणून वेडंवाकडं सफरचंद बऱ्याचदा अपुऱ्या परागीभवनाची तक्रार सांगत असतं. पुस्तक मिटून दहा मिनिटं झाली होती आणि धडा स्वयंपाकघरात चालूच होता. अर्नोल्डला हे जमत नाही, कारण त्याला झाड लागतं. या पुस्तकाला फळ पुरतं, आणि फळ कोपऱ्यावरच्या हातगाडीवर मिळतं.

कोकणातल्या मुलांना तर हे पुस्तक आणखी जवळचं वाटेल. सफरचंदाचा गर मुख्यतः अंडाशयाबाहेरच्या, फुलाच्या बुडाच्या भागाचा, म्हणून वनस्पतिशास्त्र त्याला आभासी फळ म्हणतं. आपला हापूस खरं फळ. त्याचा गर अंडाशयाच्याच भिंतीचा. आणि काजूचं बोंड? तेही आभासी, फुलाचा देठ फुगून झालेलं. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी ती बी. इंग्रजीत बोंडाला 'काजूचं ॲपल'च म्हणतात. तेव्हा गावाकडे काजूची झाडं असतील तर पुस्तक मार्चमध्ये काढा आणि झाडाखाली बसून वाचा. तक्त्यातल्या चौकटी विसरल्या तरी चालतील.

बाकीच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. 'द ॲपल पाय ट्री' (झोई हॉल, चित्रं शारी हॅलपर्न, १९९६) हे तीन-चार वर्षांच्यांसाठी. दोन बहिणी झाड पाहतात, त्यावर रॉबिन पक्ष्यांचं घरटं होतं, फळ वाढतं तशी पिल्लं वाढतात, शेवटी पाय. कागद कापून चिकटवलेली चित्रं देखणी आहेत, माहिती पातळ. गिबन्स यांचंच २००० सालचं 'ॲपल्स' मात्र माहितीनं ठासून भरलेलं: नावं लिहिलेल्या आकृत्या, जातींची यादी, झाड कसं लावावं ते, आणि पुन्हा पाय. (एकही लेखक पायला चुकवत नाही. आमच्याकडे ओव्हन नाही, आम्ही मुरांबा केला.) प्रकल्पाची वही भरायची असेल तर हे घ्या. रात्री झोपताना वाचायला रुक्ष आहे.

झाड लावायचं म्हटलं की मूल बिया कुंडीत पुरणार, हे धरून चाला. तिथे आधीच सांगून टाका की सफरचंद बियांतून मूळ जातीचं येत नाही. गोड फळाच्या बीतून आंबटढाण झाडही निघतं. हव्या त्या जातीसाठी कलमच करावं लागतं, हापूससारखंच. अमेरिकेतल्या मुलांना जॉनी ॲपलसीडची दंतकथा शाळेत भेटतेच. तो खरा माणूस, जॉन चॅपमन (१७७४ ते १८४५). त्याला कलम करणं मान्य नव्हतं, तो बियांपासून रोपं करायचा, आणि तशा झाडांची फळं मुख्यतः सायडरच्या कामी यायची. त्या काळातला हा सायडर इंग्लंडवाल्या अर्थाचा. भाचीला हे कळवल्यावर ती म्हणाली, हे मी शाळेत सांगणार नाही हं.

तुमच्या मुलाचा प्रश्न फळाचा नसून ऋतूंचाच असेल, तर गिबन्स यांचंच तिसरं पुस्तक पाहा, 'द रीझन्स फॉर सीझन्स', १९९५. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि त्यामुळे ऋतू होतात हे त्यात आकृत्यांनी दाखवलंय. सूर्य जवळ आला की उन्हाळा, हा समज मोठ्यांचाही असतो. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैत १५.२ कोटींवर जाते. पण हेही पुस्तक चारच ऋतू मोजतं. आपला पावसाळा त्या हिशेबात बसत नाही. तो समजायला अक्षाच्या कलाबरोबर समुद्र आणि जमीन कमी-जास्त तापणंही सांगावं लागतं.

वाचताना 'फॉल'ला शरद म्हणायचा मोह होतो. पंचांगात ते बरोबर दिसेल, पण शरदात पुण्यात ऑक्टोबरचा चटका असतो, चांदणं असतं, पानं झाडावर शाबूत. मी 'पानगळीचे दिवस' म्हटलं, आणि आपल्याकडे पानगळ शिशिरात, हे जोडून दिलं. सहा ऋतूंची नावं तिला आजोबांनी आधीच पाठ करून घेतली होती, त्यामुळे तिनं चारवाल्यांची कीव केली.

पुण्यातल्या मुलासाठी कुठलंही पुस्तक घेतलंत तरी दुसरं अर्धं पुस्तक फळवाल्याकडे आहे. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हिमाचलचा माल, त्यात मिसळत पुढे काश्मीरचा. मे-जूनमध्ये न्यूझीलंडचं स्टिकर दिसलं तर विचारा, तिकडे कोणता ऋतू होता? तिकडची तोडणी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत चालते, कारण पृथ्वीचा तो अर्धा भाग तेव्हा उलट्या ऋतूत असतो. गाडीवाला ज्याला 'सिमला' म्हणतो ते फळ तर या पुस्तकांच्याच मुलखातून आलेलं. फिलाडेल्फियाचे सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून रेड डिलिशस जातीची रोपं आणून सिमल्याजवळ कोटगढला लावली. पुढे १९३२ मध्ये हिंदू धर्म स्वीकारून ते सत्यानंद झाले.

आणि तक्त्याला छेद देणारी एक जात आहे: हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा यांनी निवडलेली एचआरएमएन-९९. तिला फार थंडी लागत नाही. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ती लावून पाहिलीय. फळ जूनमध्ये येतं, म्हणजे अर्नोल्डच्या फळांच्या कितीतरी आधी, आपल्या आंब्याच्या शेवटाला.

तर मिशिगनला अर्नोल्ड गेला, पुण्यात माएस्ट्रो राहिलं. दोन्ही साधारण ३२ पानांची पातळ पुस्तकं, दोन्हींची पेपरबॅक आवृत्ती आहे. भाचीचा लेक सात वर्षांचा झाला की हे पुढचं पुस्तक त्याला पाठवायचं ठरलंय. नात तिची प्रत द्यायला तयार नाही. मलपृष्ठाच्या आत तिनं त्या सात बिया चिकटपट्टीनं चिकटवल्यात आणि शेजारी तीन रिकामे गोल काढून ठेवलेत.