अंधाऱ्या इस्पितळातले दोन सिनेमे: गणपतीच्या रात्री कुठला लावाल?

चतुर्थीला घर भरलं की आरती, जेवणं आटोपल्यावर माजघरात कुणीतरी म्हणतंच, भुताचा एखादा लावा. त्यासाठी दोन नावं सुचवते. दोन्ही इस्पितळातली, दोन्हींत मुख्य खेळ एकाच रात्रीचा: इंग्रजी ‘द पॉवर’ (२०२१) आणि कोरियन ‘गोंजियाम: हॉन्टेड असायलम’ (२०१८). लांबीला दोन्ही दीड तासाच्या आसपास.

मुंबईची भावंडं, पुतणे असा गोतावळा असेल तर सरळ ‘गोंजियाम’ लावा. ओसाड पडलेल्या मनोरुग्णालयात काही तरुण इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करायला शिरतात. जितके प्रेक्षक जास्त तितका पैसा. कॅमेरे त्यांच्या अंगावरच बांधलेले, त्यामुळे भूत दिसायच्या आधी आपल्याला घाबरलेला चेहरा दिसतो, अगदी नाकासमोर. एक मुलगी काळ्याभोर डोळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघत भरभर पुटपुटते, तिथे आमच्याकडे थोरल्या पुतण्यानेही उशी तोंडावर घेतली. पात्रं मात्र लक्षात राहत नाहीत. पहिला अर्धा तास रेंगाळतो.

‘द पॉवर’ची जातच वेगळी. जानेवारी १९७४, लंडन. खाणकामगार आणि सरकार यांच्यात जुंपलेली, कोळसा अपुरा, म्हणून रात्री वीज बंद. इस्पितळातले बहुतेक पेशंट दुसरीकडे हलवलेत, उरलेल्यांपुरता जनरेटर. वॅल या शिकाऊ नर्सचा कामाचा पहिला दिवस. तिला अंधाराची भीती, आणि मेट्रन नेमकी तिलाच शिक्षा म्हणून रात्रपाळीला ठेवते.

हा सिनेमा माझ्या इतका जवळचा का, ते सांगते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत पुढे बरेच दिवस लाइट नव्हती. त्याच दिवसांत आई एका इस्पितळात होती. डिझेल पुरवायचं म्हणून रात्री जनरेटर बंद करायचे. सिस्टर छोटी बॅटरी दातांत धरून सलाइनची सुई लावत होती आणि पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी सारखं विचारत होतं, “कोण आहे? कोण आहे तिकडे?” वॅल कंदील घेऊन त्या लांबलचक कॉरिडॉरमधून चालते, तेव्हा मला तोच आवाज ऐकू आला. दिग्दर्शिका कोरिना फेथला अंधार नीट कळलाय. तिथे भुतापेक्षा जास्त भीती वाटते ती सगळं ठाऊक असून गप्प बसलेल्या माणसांची. रोझ विल्यम्सने वॅलचं दबून बोलणं, अंग चोरून उभं राहणं असं काही केलंय की पुढे ती बदलते तेव्हा अंगावर काटा येतो.

पण एक आधीच सांगायला हवं: याच्या मुळाशी लहान मुलींवरचे लैंगिक अत्याचार आहेत. ज्यांना ते सोसणार नाही त्यांनी हा बघू नये, आणि पोराटोरांनी भरलेल्या घरात तर लावूच नये. पाहुणे परतल्यावर, एकट्याने किंवा दोघांत बघा. मोबाइलवर नको, चित्र इतकं काळोखं आहे की काही दिसणार नाही. टीव्हीवर, खोलीतले दिवे घालवून.

‘गोंजियाम’ लावणार असाल तर इन्व्हर्टर चार्ज आहे ना, ते आधी बघून घ्या. शेवटचा अर्धा तास मध्येच तुटला तर सगळी मजा जाते.