तोंडाच्या दुर्गंधीवर आधी काय करावे: माउथवॉश, जिभेची सफाई, दंतवैद्य की पोटाचा डॉक्टर?

तोंडाला वास येतो हे लक्षात आल्यावर माणसासमोर साधारणपणे चार वाटा असतात: माउथवॉश आणणे, जीभ आणि दातांच्या फटी घरीच नीट साफ करणे, दंतवैद्याकडून हिरड्या तपासून घेणे, किंवा पोट बिघडले असे गृहीत धरून त्याचे औषध घेणे. बहुतेक लोक पहिली किंवा शेवटची वाट धरतात, आणि त्यातच महिनोन्‌महिने जातात. माझ्या मते सुरुवात मधल्या दोन वाटांनी करायला हवी, कारण वास तयार होतो तो मुख्यतः तिथेच.

दुर्गंधीच्या दहापैकी आठ ते नऊ प्रकरणांत उगम तोंडातच सापडतो. जिभेच्या मागच्या भागावरचा पांढुरका थर, दाढांमधल्या फटी आणि हिरडीखालच्या पोकळ्या या ठिकाणी प्राणवायू फारसा पोहोचत नाही. तिथे वाढणारे जिवाणू अन्नकण, गळालेल्या पेशी आणि लाळेतील प्रथिने कुजवतात, आणि त्यांतील सिस्टीन व मेथिओनीन या गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन हे वायू सुटतात. झोपेत लाळ कमी पाझरत असल्याने सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्याच तोंडाला थोडा वास असतो. दात घासून काही खाल्ले की तो जातो आणि त्याला आजार समजण्याचे कारण नाही. दिवसभर टिकणारा वास मात्र वेगळा.

आपला वास आपल्याला कळत नाही, कारण नाकाला त्याची सवय झालेली असते. मनगट चाटून ते हुंगण्याची युक्ती अनेक जण करतात, परंतु त्यात जिभेचे टोक वापरले जाते आणि टोक हा जिभेचा सर्वांत स्वच्छ भाग असतो. त्यापेक्षा चमचा उलटा धरून जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच ओढावा, निघालेला थर काही क्षण सुकू द्यावा आणि मग हुंगावा. तसाच शेवटच्या दोन दाढांमधून फ्लॉसचा दोरा फिरवून तोही हुंगावा. चमच्याला वास असेल आणि दोऱ्याला नसेल, तर दोष जिभेवर असण्याची शक्यता जास्त. दोऱ्याला वास आणि त्यावर रक्ताची पुसट तांबूस रेघ असेल, तर हिरड्यांकडे पाहायला हवे.

आता माउथवॉश आणि टंग क्लीनर शेजारी ठेवून पाहू. नुसता सुगंधी माउथवॉश वास झाकतो, आणि तोही थोडाच वेळ. जस्ताचे क्षार असलेला माउथवॉश गंधकाच्या वायूंना बांधून ठेवतो, त्यामुळे तो काहीसा उपयोगी पडतो. क्लोरहेक्सिडीन असलेला जिवाणूंवर खरोखर परिणाम करतो, पण काही आठवडे वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते, म्हणून तो दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीपुरताच घ्यावा. शिवाय टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकाने त्याचा जोर कमी होतो, तेव्हा दात घासणे आणि ही चूळ यांत अर्धा तास तरी जाऊ द्यावा. या सगळ्याच द्रवांची एक अडचण सारखी आहे: जिभेवरच्या दाट थराच्या तळापर्यंत ते पोहोचत नाहीत. टंग क्लीनर तो थरच काढून टाकतो, म्हणजे जिवाणूंचे खाद्यच कमी होते. वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2006 च्या आढाव्यात केवळ 40 व्यक्तींवरचे दोन छोटे प्रयोग होते. त्यांत टंग क्लीनर ब्रशपेक्षा थोडा सरस ठरला, मात्र परिणाम अल्पकाळच टिकला. याच संस्थेने 2019 मध्ये 44 प्रयोग तपासले, तेव्हाही कोणत्याही एका उपायाच्या बाजूने ठाम पुरावा मिळाला नाही. म्हणून जाहिरातींतल्या हमीवर विसंबू नये. माझा कौल टंग क्लीनरला आहे, कारण तो स्वस्त आणि निरुपद्रवी आहे आणि थेट मुळावर काम करतो. तो मागून पुढे, हलक्या हाताने तीन-चार वेळा ओढावा. जीभ दुखली किंवा रक्त आले तर जोर जास्त होतो आहे. उमासे येत असतील तर जीभ बाहेर ओढून धरावी आणि श्वास सोडत सफाई करावी.

घरच्या सफाईची मर्यादा हिरडीपाशी येते. हिरडी दातापासून सुटून तयार झालेली पोकळी चार मिलिमीटर किंवा त्याहून खोल असेल, तर ब्रशचे केस तिच्या तळाशी जात नाहीत, आणि दाताला घट्ट चिकटलेले किटण कितीही घासले तरी निघत नाही. तिथे स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याने अवजाराने किटण खरवडून काढणे, आणि मुळांची खोल सफाई हाच उपाय. स्केलिंगने दात सैल होतात ही भीती निराधार आहे. किटणामुळे झाकलेली झीज ते निघाल्यावर दिसू लागते, एवढेच. जीभ आणि फटी रोज साफ करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर माउथवॉश बदलत बसू नये, दंतवैद्याकडे जावे. कवळी वापरणाऱ्यांनी ती रात्री काढून स्वच्छ करून ठेवावी.

पोटाविषयी स्पष्ट सांगतो. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, त्यामुळे पोटातून सतत वास वर येणे हे क्वचितच घडते. माझ्या एका परिचितांनी वर्षभर आम्लपित्ताच्या गोळ्या घेतल्या. शेवटी अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीच्या पदराखाली अन्न साचून कुजत असल्याचे निघाले. ती दाढ काढल्यावर वास गेला. तोंड निरोगी असल्याची खात्री झाली की मग टॉन्सिलमधले खडे, सायनस आणि तोंड कोरडे पाडणारी औषधे यांचा विचार करावा. मात्र अशी औषधे परस्पर बंद करू नयेत. मधुमेह्याच्या श्वासाला फळासारखा गोडसर वास येत असेल आणि सोबत उलट्या किंवा धाप असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

काही जणांना वास नसतानाही तो असल्याची खात्री वाटते, आणि ते लोकांपासून दूर राहू लागतात. हे दुःख खरे असते, आणि त्यावर आणखी एक बाटली हा उपाय नव्हे. घरातल्या विश्वासू माणसाला सरळ विचारावे आणि त्याने नाही म्हटले तरी मन मानत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावे. दंतवैद्याकडेही नुसते दात दाखवायला आलो असे न सांगता वासाबद्दल विचारायचे आहे हे आधीच सांगावे, आणि त्या दिवशी माउथवॉश किंवा सुगंधी गोळी घेऊन जाऊ नये, म्हणजे त्यांना श्वास आहे तसा तपासता येईल.