स्क्वूश: अभ्यासक्रमातील चित्रांचा फॉरमॅट ठरवताना

ऑनलाइन अभ्यासक्रमातील कोणते चित्र कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावे, हा निर्णय बहुतेक जण सवयीने घेतात. तो डोळ्यांनी पडताळून घेण्यासाठी गूगलच्या क्रोम चमूने २०१८ मध्ये आणलेले, चित्राच्या फाइलचा आकार घटवणारे स्क्वूश हे मोफत साधन मला फार उपयोगी वाटले. ते ब्राउझरमध्ये चालते आणि सारी प्रक्रिया आपल्याच संगणकावर होते, त्यामुळे अप्रकाशित धड्यातील चित्र कोठेही पाठवावे लागत नाही.

पडद्याच्या मधोमध एक सरकती रेषा असते. तिच्या एका बाजूला मूळ चित्र, दुसऱ्या बाजूला निवडलेल्या फॉरमॅटमध्ये लहान केलेल्या फाइलचे चित्र आणि सोबत फाइलचा नवा आकार दिसतो. खरी परीक्षा होते ती स्क्रीनशॉटची. जेपेग हा फॉरमॅट चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यांतील बारीक तपशील वगळतो, आणि अक्षराची कड म्हणजे बारीक तपशीलच असल्यामुळे, गुणवत्तेचा आकडा खाली आणू लागताच अक्षरांभोवती धुरकट ठिपके उमटतात. देवनागरी मजकुरात पहिला बळी अनुस्वाराचा जातो. पीएनजी या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये एकही पिक्सेल बदलत नाही, म्हणून मजकूर, तक्ते आणि आकृत्या यांच्यासाठी मी तोच निवडतो. मोजक्याच रंगांची आकृती असेल, तर येथील रंगसंख्या घटवण्याची सोय वापरून फाइल बरीच लहान करता येते आणि फरक सहसा जाणवतही नाही.

छायाचित्रांना मात्र पीएनजी उगाच जड पडतो. तेथे जेपेग किंवा वेबपी हा त्याच्यानंतर आलेला फॉरमॅट पुरेसा आहे. एव्हीआयएफ हा आणखी नवा फॉरमॅट बहुधा त्याहूनही लहान फाइल देतो, परंतु ती तयार व्हायला वेळ लागतो आणि आपली अभ्यासक्रम-प्रणाली ती स्वीकारते का, हे आधी तपासावे लागते.

उणिवाही आहेत. एका वेळी एकच चित्र हाताळता येते, त्यामुळे शंभर चित्रांच्या अभ्यासक्रमासाठी हे साधन नमुना ठरवण्यापुरतेच कामाचे आहे. एसव्हीजीतील, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांच्या रूपात साठवलेली रेखाकृती येथे आणू नये, कारण ती पिक्सेलमध्ये रूपांतरित होऊनच बाहेर पडते आणि कितीही मोठी केली तरी स्पष्ट दिसण्याचा तिचा गुण जातो. मूळ फाइलही जपून ठेवावी. जेपेगमध्ये एकदा बिघडलेली अक्षरे नंतर पीएनजी केल्याने सुधारत नाहीत, तोच धुरकटपणा अधिक मोठ्या फाइलमध्ये साठवला जातो.