क्लबचा डबा: एचओ किट की एनमधला तयार?

अमेरिकेतले बरेच मॉडेल रेल्वे क्लब निधीसाठी अधूनमधून स्वतःच्या नावाचा मालडबा काढतात. ठरावीक नग छापून घ्यायचे, आगाऊ नोंदणी करायची आणि उरलेल्या पैशांत जागेचं भाडं नाहीतर लेआउटचा, म्हणजे रूळ-देखाव्याच्या मांडणीचा, खर्च भागवायचा. अशा वेळी माझ्यापुढे बहुतेकदा दोनच पर्याय आले: ॲक्युरेल कंपनीचं एचओ (१:८७) मापातलं, घरी जुळवायचं किट किंवा मायक्रो-ट्रेन्स कंपनीचा त्याहून लहान एन (१:१६०) मापातला तयार डबा. बरीच वर्षं दोन्ही घेतले, हल्ली एकाकडेच हात जातो.

कारागिरीत मायक्रो-ट्रेन्स सरस, हे आधीच मान्य करतो. कपलर (डबे जोडणारे आकडे) बनवणाऱ्या कॅडी कंपनीच्या एडवर्ड्स बंधूंनी १९९० मध्ये धंदा वाटून घेतला, तेव्हा एन आणि त्याहूनही लहान झेड स्केल मायक्रो-ट्रेन्सकडे आले. डबा खोक्यातून काढा, रुळावर ठेवा, चालू लागतो. कपलरशी झटापट नाही. शिवाय चाळीस फुटी बॉक्सकार (बंद मालडबा) एनमध्ये जेमतेम साडेसात सेंटिमीटरची, एचओत चौदाची. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला एवढं कारण पुरतं.

ॲक्युरेलचं किट जुळवायला सोपं. बॉडी रंगवून, छापून आलेली असते. खाली फ्रेम, वजनाची पट्टी आणि ट्रक (चाकांचे सांगाडे) बसवले की झालं. पण प्लास्टिकची चाकं काढून मी धातूची घालतो, कपलरही कॅडीचे लावतो, त्यामुळे किट वाटतं तेवढं स्वस्त पडत नाही.

तरीही माझा कौल फिरला तो अक्षरांमुळे. क्लबच्या डब्यात विकत घेण्यासारखं असतं काय? साचा तोच, जो दुकानातल्या डब्याला असतो. गंमत सगळी छपाईत: मालकी चिन्हाच्या जागी क्लबची आद्याक्षरं, नंबर म्हणून स्थापनेचं वर्ष, ‘बीएलटी’ (बांधणीची तारीख) या अक्षरांपुढे पहिल्या लेआउटची तारीख, कोपऱ्यात गावातली बंद पडलेली एखादी गिरणी. एनमध्ये हे सगळं असतं, सुबकही असतं, पण १:१६० मध्ये ते माझ्या डोळ्यांना हातभर अंतरावरून दिसत नाही. पाहुण्यांना दाखवायचं तर चालती गाडी थांबवा, डबा उचला, भिंग शोधा. तोवर पाहुणे इंजिनाकडे वळलेले असतात! एचओत गाडी हळू चालवली की जाता जाता वाचता येतं. तुमची नजर तरुण असेल तर माझा हा मुद्दा खुशाल सोडून द्या.

याला अपवाद मोठ्या चित्रांच्या रीफरचा, म्हणजे थंड मालाच्या डब्याचा. दूध डेअरी नाहीतर ब्रुअरीची अख्खी भिंतभर जाहिरात असेल, तर एनही तितकाच उठून दिसतो. खऱ्या रेल्वेत अशा जाहिराती अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९३० च्या दशकात बंद करायला लावल्या, म्हणून १९५० च्या काळातल्या लेआउटवर असा डबा पाहून काही जण नाकं मुरडतात. मुरडू देत.

पुढेमागे भाव वाढेल या आशेवर मात्र दोन्हींपैकी काहीच घेऊ नये. जुने क्लबचे डबे ट्रेन शोमध्ये टेबलाखालच्या खोक्यांत स्वस्तात पडलेले मी नेहमी पाहतो. देणगी म्हणून करसवलतही पूर्ण किमतीवर मिळत नाही. बाजारभावाच्या वर जेवढे दिले, तेवढ्याचाच विचार होतो, आणि तोही क्लब धर्मादाय म्हणून नोंदलेला असला तर.

मागवण्याआधी एक विचारा: डबा एकाच नंबरात काढलाय की दोन-तीन? वेगवेगळे नंबर असतील तर जोडी घ्या, एका गाडीत दोन्ही शोभतात. एकच असेल, तर दुसऱ्या डब्याचा शेवटचा आकडा अलगद खरवडून तिथे डेकल (चिकटवायचा छापील आकडा) लावता येतं. एचओत ते काम मी करतो. एनमध्ये करून पाहायची माझी छाती नाही.