काउंटडाउनचा पादचारी सिग्नल: आकडा चांगला, हिशोब तपासून घ्या

लाल-हिरव्या माणसाचे एलईडी दिवे, शेजारी उलटा मोजणारा आकडा, खांबावर बटण आणि वरच्या श्रेणीच्या मॉडेलमध्ये आवाज व सेन्सर, असा हा संच येतो. डोळ्यांत भरतो तो आकडा, आणि तो कामाचाही आहे. पण त्यावर भाळून संच पास करू नये. चालणारा थांबेल की घुसेल, हे कंट्रोलरमध्ये, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या पेटीत, भरलेल्या वेळांवर ठरतं.

आकडा नेमकं काय मोजतो, हे आधी बघा. अनेक ठिकाणी तो रस्ता रिकामा होण्याची वेळ मोजतो. म्हणजे जे उतरलेत त्यांनी पलीकडे पोहोचायचं, नव्याने कुणी उतरायचं नाही. फुटपाथवरच्या माणसाला मात्र 9 दिसला की तो ‘अजून नऊ सेकंद आहेत’ असाच अर्थ लावतो आणि धूम ठोकतो. रस्त्यात असलेल्याला आकड्याचा फायदा निर्विवाद आहे. पाय उचलायचे की दुभाजकावर थांबायचं, हे त्याला वेळेत कळतं. एक दुष्परिणाम गाड्यांच्या बाजूने होतो. तोच आकडा चालकालाही दिसतो, मग कुणी गाडी दामटतो, कुणी ब्रेक मारतो. टोरांटोच्या एका अभ्यासात काउंटडाउन बसवल्यावर पादचाऱ्यांना धडक बसण्याचं प्रमाण घटलं, पण गाडीवर मागून गाडी आदळण्याचं वाढलं. म्हणून दिव्यांवर पट्ट्यांची झडप लावून आकडा पादचाऱ्यापुरताच दिसेल असं बघावं.

खरी गोम रिकामं होण्याच्या वेळेत आहे. साडेतीन मीटरच्या सहा लेन म्हणजे 21 मीटर. सेकंदाला 1.2 मीटर हा जुना, सोयीचा वेग धरला तर साडेसतरा सेकंद निघतात. काठी टेकत 0.8 मीटरने चालणारी व्यक्ती तेवढ्यात 14 मीटरच जाते. आकडा शून्यावर येतो तेव्हा तिच्यापुढे अख्ख्या दोन लेन उरलेल्या असतात. अमेरिकेच्या नियमावलीने 2009 मध्ये हिशोबाचा वेग साधारण 1.07 मीटरवर आणला, तरी तिचं भागत नाही. रस्ता एवढा रुंद असेल तर मध्ये थांबायला बेट हवं, आणि त्या बेटावरही बटण हवं. ते हमखास विसरलं जातं.

वाट बघायला लावण्यालाही मर्यादा असते. साधारण 30 सेकंदांनंतर माणसाची चुळबुळ सुरू होते, मग तो दिव्याकडे बघायचं सोडून गाड्यांमधली फट शोधतो. 120 सेकंदांचं चक्र (सगळ्या दिव्यांची एक फेरी) लावून ‘लोकांना शिस्त नाही’ म्हणणं हा चोराच्या उलट्या बोंबांचा प्रकार झाला. लाल असतानाही उरलेले सेकंद दाखवणारं मॉडेल इथे बरं, पण चक्र ठरावीक असेल तरच. गाड्यांच्या गर्दीनुसार वेळ बदलणाऱ्या सिग्नलवर हा आकडा अडखळतो किंवा एकदम उडी मारतो, आणि एकदा तसं झालं की त्यावर कुणी भरवसा ठेवत नाही.

बटण हा या संचाचा सर्वांत कच्चा भाग. दाबल्यावर दिवा लागला नाही तर लोक दहादा दाबतात. खरं तर एका दाबातच मागणी नोंदवली जाते. बटण आत रुतून बसलं तर मागणी कायम राहते, कुणी नसताना पादचाऱ्याचा हिरवा लागतो आणि चालक आपला लाल जुमानेनासे होतात. कुरबुरींचं मूळ बरेचदा इथे सापडतं. काही बटणांना भुंग्यासारखा आवाज आणि थरथरणारा बाण असतो, तो अंधांसाठी घ्याच. मात्र एकाच कोपऱ्यावरचे दोन खांब तीन मीटरपेक्षा जवळ असतील तर कोणता आवाज कोणत्या रस्त्याचा, हे कळत नाही.

सेन्सरचं मॉडेल दोन कामं करतं: दाबून निघून गेलेल्याची मागणी रद्द करतं आणि हळू चालणाऱ्यासाठी गाड्यांचा लाल लांबवतं. वरच्या हिशोबातल्या काठीवाल्या व्यक्तीला उपयोग होतो तो याचाच. सेन्सरची कक्षा नेमकी लावलेली नसेल तर कडेने चालणारा सुटतो, एवढं लक्षात ठेवा.

वळणाऱ्या गाड्यांचं दुखणं आकड्याने जात नाही. तिथे पादचाऱ्याचा हिरवा गाड्यांच्या आधी 3 ते 7 सेकंद लावावा, म्हणजे चालकाला माणूस रस्त्यात आधीच दिसतो. बहुतेक कंट्रोलरमध्ये ही सोय असते, फक्त चालू करून घ्यावी लागते.

संच ताब्यात घेताना स्टॉपवॉच घेऊन उभं राहा. अनेक काउंटडाउन मागच्या चक्राची वेळ मोजून पुढचा आकडा दाखवतात. त्यामुळे वेळापत्रक बदललं की पहिल्या चक्रात आकडा चुकतो. बदलानंतरची सलग तीन चक्रं मोजा. आकड्याची एकेक रेघही तपासा: वरची आडवी रेघ गेली तर 7 चा 1 दिसतो, मधली गेली तर 8 चा 0. शेवटी आकडा शून्यावर येणं आणि गाड्यांचा हिरवा लागणं यात दोन-तीन सेकंदांचं अंतर आहे का, ते बघितल्याशिवाय सही करू नका.